पत्ता वाकड, मुक्काम ११ महिने

नवं शहर, नवी नोकरी आणि कार लोनची फाईल. पुण्याच्या पश्चिमेला हे तीन ग्रह एका राशीत आले की काय होतं, ते बघण्यासाठी केलेली ही भटकंती...

सकाळी नऊच्या सुमाराला वाकडच्या भूमकर चौकात उभं राहायचं. जरा कडेला, जीव सांभाळून. समोरून हिंजवडीच्या दिशेनं जे काही सरकत असतं, त्याला ट्रॅफिक म्हणणं म्हणजे ट्रॅफिक या शब्दाचा अपमान आहे. इथे करायचा टाइमपास एकच, नंबर प्लेट वाचणं. एमएच १४ आणि एमएच १२ तर असणारच, हा त्यांचाच एरिया. पण दहा मिनिटांत नागपूरची एमएच ३१ दिसते, कोल्हापूरची ०९ दिसते, लातूरची २४, छत्रपती संभाजीनगरची २०. मधूनच एखादी कर्नाटकची, एखादी मध्य प्रदेशची. अख्खा महाराष्ट्र आणि थोडा भारत एका सिग्नलला क्लच दाबून उभा! आणि त्यांच्यामधून वाट काढणारे शेकडो स्कूटरवाले. पाठीवर लॅपटॉपची सॅक, तोंडाला रुमाल. त्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात हेल्मेटच्या आत एकच विचार चालू असतो, ‘यार, आता कार घ्यायलाच हवी.’

गंमत बघा. ज्या पट्ट्यात हा विचार चालतो, तो देशातल्या मोटार धंद्याचा बालेकिल्ला. इंडिका १९९८ साली आली ती इथल्याच पिंपरीच्या कारखान्यातून. आकुर्डीत बजाज, चाकणला मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्रा. गाड्या इथे ढिगानं बनतात. पण इथे नव्यानं राहायला आलेल्या, नव्यानं नोकरीला लागलेल्या माणसाला त्यातली एक हप्त्यावर मिळवायची म्हटलं तर शहर त्याला एक साधा प्रश्न विचारतं, आणि भल्याभल्यांची विकेट जाते. तुम्हाला इथे ओळखतं कोण?

वस्ती त्यांची, भाडं आपलं

वाकड-हिंजवडीचे पत्ते कधी नीट ऐकलेत? कस्पटे वस्ती. विनोदे वस्ती. भूमकर चौक. पुढे हिंजवडीत साखरे वस्ती, माणला बोडकेवाडी. हे सगळं आडनावांचं गाव आहे. ज्यांची शेतं होती, ज्यांचे आजे-पणजे इथल्या म्हातोबाच्या बगाडाला खांदा देत आले, त्यांची ही आडनावं. मग एमआयडीसीनं इथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारलं. फेज वन, टू, थ्री झाले. शेतांच्या जागी टॉवर आले आणि टॉवरमध्ये आपण आलो. आपल्या नावाची वस्ती कुठेच नाही. आपल्याकडे असतो तो ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार.

आणि बँकेच्या फाईलचं पहिलं पान तोच करार असतो. म्हणून त्याबद्दल थोडं. पुण्यात अजूनही कित्येक घरमालक ‘नोटरी करून घेऊ ना, कशाला खर्च’ म्हणतात. त्यांचं गोड बोलणं ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे हा करार लेखी आणि रजिस्टर्ड असावाच लागतो, आणि रजिस्टर करायची जबाबदारी कायद्यानं मालकावर टाकलीय. खर्चही फार नसतो. एकूण भाड्यावर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी (डिपॉझिटवर धरलेलं दहा टक्के व्याजही त्यात मोजतात) आणि शहरी भागात १,००० रुपये नोंदणी फी. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, चहा होईपर्यंत काम फत्ते. नोटरीचा कागद बँकेच्या टेबलावर ठेवला की समोरचा माणूस तो दोन बोटांनी परत तुमच्याकडे सरकवतो. लाइट बिल मालकाच्या नावावर, गॅसचं बिल मालकाच्या नावावर, आधारवर पत्ता गावचा. मग त्या रजिस्टर्ड करारावाचून तुम्ही वाकडला राहता याला पुरावा कोणता? रोज रात्री तुमचं पार्सल आणणारा पोऱ्या?

तर आमची एक मैत्रीण. गाव अकोला, इंजिनीअरिंग नागपूरला, पहिली नोकरीही नागपूरलाच, पाच वर्षं. २०२५च्या जूनमध्ये हिंजवडीत फेज थ्रीच्या एका कंपनीत लागली. पगार दीडपट, प्रोबेशन सहा महिने. वाकडला आठव्या मजल्यावर टू बीएचके. मुलगी एकटी आणि फ्लॅट टू बीएचके, कारण दुसरी खोली आईची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, दोन वर्षांपूर्वी गेले. आई अकोल्यात एकटी. तिच्या कंबरेचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे स्कूटरवर मागे बसणं बंद. डॉक्टरांनी सांगितलंय आणि आईनंही ठरवलंय. दर पंधरा दिवसांनी फिजिओथेरपी. आता वाकडमध्ये रात्री आठ वाजता पाऊस पडत असताना रिक्षा मिळवणं म्हणजे काय, ते सांगायला नको. ॲपवर कॅब ‘चार मिनिटं’ म्हणते आणि चार वेळा कॅन्सल होते. डोक्यावर माण ते शिवाजीनगर मेट्रोचे खांब आहेत, २३ किलोमीटर, २३ स्थानकं. पण कंबरेला पट्टा बांधलेल्या बाईला स्टेशनपर्यंत आणि स्टेशनपासून कोण नेणार? थोडक्यात, इथे कार म्हणजे स्टेटस वगैरे नव्हती. कार आली तर आई येणार होती.

चार एसएमएस

बाणेरपासून ताथवड्यापर्यंत हायवेच्या कडेनं शोरूम्सची रांग आहे. काचेच्या भिंती, आत गारेगार, रविवारी तर जत्राच. लेकरं स्टिअरिंगवर, आजोबा सोफ्यावर, जावई बोनेट उघडून ज्ञान देतोय. ऑगस्टमधल्या एका रविवारी आमची मैत्रीणही गेली. लहान पेट्रोल गाडी, एक्स-शोरूम साडेसात लाख. आता शोरूममधला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांत जे दरीएवढं अंतर असतं, ते कशानं पडतं? महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या खासगी पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे झाले ८२,५०० रुपये. वर विमा. थर्ड पार्टी विमा २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. (विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते, हे तिथे तुम्हाला कोणी आपणहून सांगणार नाही.) मग फास्टॅग, ॲक्सेसरीज आणि तो गूढ ‘हँडलिंग चार्ज’, जो ‘कशाबद्दल?’ असं विचारलं की बऱ्याचदा अदृश्य होतो. सगळं धरून पावणेनऊ लाखांची गोष्ट.

कोपऱ्यात फायनान्सचं टेबल. तिथे बसलेला मुलगा बँकेचा नसतो. तो असतो डीएसए, म्हणजे बँकांना गिऱ्हाईक आणून देणारा. त्याला मिळतं कमिशन, ज्याला या धंद्यात ‘पेआउट’ म्हणतात. कोणत्या बँकेचं लोन तुमच्यासाठी बेस्ट, हे तो सांगतो तेव्हा ते कोणासाठी बेस्ट असतं, याचा विचार जरूर करावा. पोरं गोड असतात, टार्गेटनं पिडलेली असतात. त्यांच्यावर राग काढून उपयोग नाही. फक्त एक करायचं. पॅन कार्डची झेरॉक्स आणि सही त्यांच्या हातात सहज देऊन टाकायची नाही.

कारण पुढे घडतं ते असं. ‘मॅडम, टेन्शन नका घेऊ, फाईल लॉगिन करून टाकतो. कुठे ना कुठे पास होईलच.’ आणि संध्याकाळी मोबाइलवर एकामागून एक चार एसएमएस. तुमचा क्रेडिट रिपोर्ट अमुक संस्थेनं पाहिला. तमुक संस्थेनं पाहिला. हे अलर्ट पाठवायला रिझर्व्ह बँकेनं २०२३च्या ऑक्टोबरमध्ये सांगितलं, त्याआधी तर कळायचंही नाही. एकाच फाईलच्या चार बँकांत चार एन्ट्र्या. आता सिबिलचा फंडा असा आहे, की स्कोअर ३०० ते ९००च्या मधला असतो, आणि तुम्ही कर्ज मागायला गेलात की प्रत्येक चौकशीची रिपोर्टात नोंद होते. थोड्या दिवसांत बऱ्याच चौकशा दिसल्या की बँकेला वाटतं, हा माणूस दारोदार फिरतोय, काहीतरी गडबड आहे. एका बँकेचा नकार पुढच्या बँकेला थेट दिसत नाही. पण चौकशी दिसते आणि तिच्यापुढे कर्ज मिळाल्याची नोंद दिसत नाही. दोन अधिक दोन चार करायला बँकेला शिकवावं लागत नाही.

चारही ठिकाणी नकार. फोनवर कारण काय, तर ‘स्टॅबिलिटी इश्यू’. आता बिचारीनं पाच वर्षांत एक नोकरी बदलली. हिंजवडीच्या हिशोबात ही मुलगी म्हणजे ध्रुवतारा! पण बँकेच्या खुर्चीत बसून बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. नवी कंपनी, प्रोबेशन चालू, पगाराच्या स्लिपा दोन, सॅलरी अकाउंट नवंकोरं, घर भाड्याचं, शहरात नातेवाईक शून्य. कार लोनमध्ये तारण असतं ती कारच. कार चालती असते आणि शोरूमच्या बाहेर पडल्यापासून तिची किंमत उतरू लागते. हप्ते थकले तर बँकेला आधी ती गाडी सापडायला हवी. म्हणून पगार किती, यापेक्षा तुम्ही सापडाल कुठे, हा प्रश्न बँकेला मोठा वाटतो. मला हे पटत नाही असं नाही. मला खटकतं ते एवढंच, की हे कोणी सरळ बोलत नाही. खरं तर बँकांनी नकाराची मुख्य कारणं लेखी द्यावीत, असं रिझर्व्ह बँकेनं २००७ सालीच सगळ्या कर्जांसाठी सांगून ठेवलंय. एक साधा ई-मेल करून ती मागायची. मैत्रिणीनं मागितली. एका बँकेनं दिली, आणि त्यातून खरी मेख कळली.

‘ए विंग, आठशे चारवाली’

मेख म्हणजे एफआय. फिल्ड इन्व्हेस्टिगेशन. बँकेनं नेमलेल्या एजन्सीचा मुलगा बाइकवर येतो, बिल्डिंगचा फोटो काढतो, दारावरच्या पाटीचा काढतो, वॉचमनला विचारतो, शेजाऱ्याला विचारतो आणि मोबाइलवर फॉर्म भरून निघून जातो. पाच मिनिटांचं काम. तो आला भर दुपारी, म्हणजे हिंजवडीत नोकरी करणारं कोणीही घरी नसण्याच्या खात्रीशीर वेळी. दारावर पाटी नाही, कारण भाड्याच्या घराला पाटी कोण लावतं? वॉचमन महिन्याभरापूर्वी आलेला. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी दार किलकिलं करून सांगितलं, ‘नाम नहीं पता. ए विंग, आठ सौ चारवाली. सुबह जाती है, रात को आती है.’ बाई खोटं काहीच बोलल्या नाहीत. पण रिपोर्टात लिहिलं गेलं, की शेजाऱ्यांना माहिती नाही, नावाची खात्री झाली नाही.

त्या संध्याकाळी ती माझ्याशी बोलताना चिडलेली कमी आणि ओशाळलेली जास्त होती. अकोल्यात गल्लीच्या तोंडाशी ‘मास्तरांची पोरगी’ म्हटलं असतं तर कोणीही बोट धरून घरापर्यंत आणून सोडलं असतं. इथे ती एक फ्लॅट नंबर. आणि आपल्यापैकी किती जणांना समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाचं आडनाव माहीत असतं, हेही जरा आठवून पाहा. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘पाणी कधी येणार’ विचारतो तो कोण आणि ‘लिफ्ट बंद आहे’ सांगतो तो कोण, आपल्याला डीपी माहीत असतात. माणसं नाही.

मधला एक पर्याय तिनं पाहिला होता. गाडी अकोल्यालाच घ्यायची, आईच्या पत्त्यावर. नंबर एमएच ३०. राज्यातल्या राज्यात नंबर बदलावा लागत नाही, पत्त्यातल्या बदलाची नोंद आरटीओत करून घेतली की झालं. (ज्यांच्या गाड्या परराज्यातल्या आहेत, त्यांचं तसं नसतं. १२ महिन्यांपेक्षा जास्त मुक्काम झाला की इथला नंबर घ्यायचा आणि इथला टॅक्स भरायचा, असा मोटार वाहन कायदा सांगतो.) पण बँकेला हप्ते भरणारा माणूस जिथे राहतो तिथला पुरावा लागतोच. म्हणजे फिरून भोपळे चौकात. ऑफिसातल्या एकानं तिला बीएच सिरीज सुचवली. २०२१ मध्ये सुरू झालेली, बदल्यांवाल्या नोकरदारांच्या सोयीची. कंपनीची ऑफिसं किमान चार राज्यांत हवीत, कंपनीचं फॉर्म ६० मधलं सर्टिफिकेट हवं, आणि टॅक्स एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा. स्कीम झकास आहे, ज्यांना दर दोन-तीन वर्षांनी बंगळूर-हैदराबाद करायचंय त्यांनी जरूर बघावी. पण आमच्या मैत्रिणीच्या एचआरला प्रोबेशनवरच्या माणसाला सर्टिफिकेट द्यायचं की नाही, याचा निर्णय काही शेवटपर्यंत घेता आला नाही.

आईची पेन्शन

मग तिनं दोन महिने काहीच केलं नाही. म्हणजे कर्ज मागितलं नाही. हा माझ्या मते सगळ्यात शहाणा निर्णय. चारही क्रेडिट कंपन्यांकडून, म्हणजे सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तो तिनं काढला. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिला तर स्कोअरला धक्का लागत नाही. रिपोर्ट स्वच्छ होता. इंजिनीअरिंगचं शैक्षणिक कर्ज सगळं फिटलेलं, एकही हप्ता चुकलेला नाही. ईपीएफओच्या साइटवरून सर्व्हिस हिस्टरी काढली. नागपूरची नोकरी संपली आणि पुण्याची सुरू झाली, यात एका दिवसाची फट नाही, हे सरकारी कागदावर छापून आलं. दोन वर्षांचे फॉर्म १६, रिलीव्हिंग लेटर, नवं ऑफर लेटर. आणि दारावर पाटी. शंभर-दीडशे रुपयांची ॲक्रिलिकची, खाली बाबांचंही नाव.

दरम्यान एक वेगळीच गंमत झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. चार मीटरच्या आतली आणि १,२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी असेल तर २९चे १८. साडेसात लाखांची गाडी सहा लाख शहाऐंशी हजारांच्या आसपास आली. रोड टॅक्सही त्याच प्रमाणात उतरला. ऑगस्टमध्ये ज्यांनी ‘सॉरी मॅडम’ म्हटलं, त्यांनी न कळत तिचे सत्तर हजार वाचवले!

दिवाळीला आई आली. कार नव्हती तरी आली. ‘तुही गाडी येईन तवा येईन, म्या इथं एकटी किती दिवस राहू बाप्पा?’ म्हणून ट्रॅव्हल्सच्या स्लीपरनं, कंबरेला पट्टा बांधून, चकलीचा डबा घेऊन. आणि पंधरा दिवसांत जे काम मुलीला पाच महिन्यांत जमलं नव्हतं ते आईनं केलं. समोरच्या बाई मूळच्या कानपूरच्या, त्यांचा मुलगा कोणत्या शाळेत जातो, वॉचमन कोणत्या तालुक्यातला, खालच्या किराणावाल्याचा दुकानाचा गाळा कोणाच्या मालकीचा. सगळं माहीत. हिंदी अशी, की ऐकणाऱ्यानं तोंडावर हात धरावा. पण काम चोख.

नोव्हेंबरमध्ये मैत्रीण एकाच बँकेत गेली. तीच बँक, जिच्या अकोल्याच्या शाखेतून शिक्षणाचं कर्ज घेतलं आणि फेडलं होतं. शाखा मात्र पुण्यातली. शोरूमच्या टेबलावरून नाही, स्वतः काउंटरवर, फाईल घेऊन. तिथल्या बाईंनी कागद चाळले आणि विचारलं, ‘आई काय करतात?’ फॅमिली पेन्शन मिळते, याच बँकेत जमा होते. ‘मग त्यांना को-ॲप्लिकंट घ्या की.’

म्हणजे बघा. अठ्ठावन्न वर्षांची, पुण्यात तीन आठवड्यांपूर्वी आलेली, कधी नोकरी न केलेली बाई बँकेच्या हिशोबात घरातली स्टेबल मेंबर ठरली! दर महिन्याला येणारी, प्रोबेशन नसलेली पेन्शन. आयटीतल्या पोरीच्या पगारापुढे छोटीच रक्कम, पण फाईलचं वजन तिनं वाढवलं. एक मात्र लक्षात ठेवा. को-ॲप्लिकंट म्हणजे नुसती सही नव्हे. हप्ता थकला तर तो त्यांच्याही रिपोर्टात उमटतो. म्हणून मित्राला, रूममेटला ‘जरा सही दे ना यार’ म्हणून यात ओढू नका, आणि कोणी तुम्हाला ओढलं तर गोड हसून नाही म्हणा.

एफआयवाला पुन्हा आला, पुन्हा भर दुपारी. या वेळी दार आईनं उघडलं. त्याला पाणी दिलं, मग चहा, मग ‘कोन्त्या गावचा हायेस रे बाबू?’ पोरगा निघाला कारंज्याचा. पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासाचं झालं. पाटीचा फोटो निघाला. समोरच्या बाईंनी आपणहून येऊन साक्ष दिली. आठव्या दिवशी सँक्शन.

हप्त्याची गोष्ट

सहा लाखांचं कर्ज, नऊ टक्के, पाच वर्षं. हप्ता येतो १२,४५५ रुपये. सात वर्षं केली तर ९,६५३. फरक बघून सात वर्षांवर बोट ठेवायचा मोह होतो, आणि शोरूमवाल्यांना तेच आवडतं. पण पाच वर्षांत व्याज जातं एक लाख ४७ हजार, सात वर्षांत दोन लाख ११ हजार. शिवाय सातव्या वर्षी गाडीची पुनर्विक्री किंमत काय आणि तुम्ही कुठल्या शहरात, कुणाला ठाऊक. आणि कोणी ‘फक्त पाच टक्के’ म्हणालं तर लगेच विचारायचं, फ्लॅट की रिड्यूसिंग? पाच टक्के फ्लॅट म्हणजे सहा लाखांवर पाच वर्षांचे सरळ दीड लाख, हप्ता १२,५००. म्हणजे रिड्यूसिंगनं नऊ टक्क्यांहून थोडं जास्तच! मुद्दल फेडत गेलात तरी व्याज पहिल्या दिवसाच्या मुद्दलावर. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांना वैयक्तिक कर्जदाराला ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ द्यावंच लागतं. त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर, म्हणजे एपीआर लिहिलेला असतो. दोन बँकांची तुलना करायची तर हे कागद शेजारी ठेवून करायची. मुदतीआधी फेडल्यास काय दंड, तेही त्यातच बघायचं. नोकरी बदलताना जॉइनिंग बोनस मिळतो आणि कर्ज फेडायची सुरसुरी येते, तेव्हा ती ओळ आठवते.

बाकी ढोबळ नियम असा, की सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या चाळीस-पन्नास टक्क्यांपुढे गेले की बँक नाक मुरडते. मी म्हणेन, भाडं भरणाऱ्या माणसानं बँकेनं नाक मुरडायच्या बरंच आधी स्वतः मुरडावं. आणि ज्यांच्या घरी कोणाची कंबर दुखत नाही, ज्यांची कंपनीची बस दारात येते, त्यांनी प्रोबेशन संपेपर्यंत थांबावं. भूमकर चौकात तुम्हीही कारमध्ये बसून उभे राहिलात म्हणून चौक लवकर सुटत नाही. (फ्रीलान्स पत्रकारांना बँका काय म्हणतात, हे कृपया विचारू नये. वेगळा अंक काढावा लागेल.)

संगम पूल की मोशी?

आता पुण्याचा खास मुद्दा. नंबर कोणता? मुळा नदीच्या अलीकडे बाणेर-बालेवाडी, पुणे महापालिका, आरटीओ संगम पुलाजवळ, एमएच १२. पलीकडे वाकड, पिंपरी-चिंचवड, आरटीओ मोशीला, एमएच १४. नदी पावसाळा सोडला तर इतकी बारीक, की गाडी थर्ड गिअरला जायच्या आत ओलांडून होते. पण ‘बारा’ आणि ‘चौदा’ यांत पुणेकरांच्या मनात जे अंतर आहे, ते मोजायला कोणताही पूल पुरणार नाही. ‘पुणे ३०’च्या मंडळींसाठी तर चौदा म्हणजे परगावच. वाकडला राहून मामाच्या कोथरूडच्या पत्त्यावर बारा नंबर मिळवणारे महाभाग मी पाहिलेत. बँकेच्या फाईलला एक पत्ता आणि गाडीला दुसरा, असला उद्योग फक्त हौसेपायी करू नये.

हल्ली नवी गाडी आरटीओत दाखवायला न्यावी लागत नाही, शोरूमवालाच ऑनलाइन उरकतो. नंबर पडला, हाय सिक्युरिटी प्लेट लागली, मग डिलिव्हरी. आरसीवर बँकेचं नावही येतं, हायपोथिकेशन म्हणून. शेवटचा हप्ता भरला म्हणजे ते आपोआप पुसलं जात नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन ते काढून घ्यावं लागतं. कित्येक जण विसरतात आणि गाडी विकायच्या दिवशी कपाळाला हात लावतात.

मैत्रिणीची गाडी नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी आली. एमएच १४. डिसेंबरात आणखी डिस्काउंट मिळालं असतं, पण त्यात तोटा असा की महिन्याभरात गाडी ‘मागच्या वर्षीची’ होते. शोरूमनं केक कापला, पडदा ओढला, मोठ्ठी पुठ्ठ्याची किल्ली हातात देऊन फोटो काढला. आईला त्यात काडीचा रस नव्हता. तिनं पिशवीतून लिंबं, नारळ आणि हळदकुंकू काढलं. चाकाखाली लिंबं ठेवली. पहिला मुक्काम कुठे, यावर थोडी चर्चा झाली. दगडूशेठला शनिवारी संध्याकाळी पार्किंग? अशक्य. मग समोरच्या बाईंनी सांगितलेलं आईला आठवलं. इथला देव म्हातोबा. वाकड आणि हिंजवडी, दोन्ही गावांचा. चैत्र पौर्णिमेला याचं बगाड निघतं, तेव्हा अख्खी आयटी मंडळी ‘आज रस्ता का बंद?’ म्हणून वैतागते.

देवळासमोर गाडी लावली. आईनं नारळ फोडला, पुजाऱ्याला गाव सांगितलं, त्याचं विचारून घेतलं. निघताना मी मागे बसलो होतो, पुढे त्या दोघी. भूमकर चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर लागलो आणि मागून एक लांबलचक हॉर्न सुरू झाला. मैत्रिणीचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले, खांदे वर गेले. आईनं काच खाली करून मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, ‘एसी कमी कर वं जरा. आन त्याले जाऊ दे आधी, लय घाई हाये त्याले.’